मार्गारेट रिव्हरची पेटी भरताना: शार्डोने की एसएसबी?

ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून दक्षिणेला तीनेक तास गाडी हाकली की मार्गारेट रिव्हर, वाइनच्या द्राक्षमळ्यांचा भाग. परतताना आमच्या डिकीत बारा बाटल्यांची एकच पेटी मावते, बाकीची जागा पोरांच्या सर्फबोर्डांची. त्यामुळे दर खेपेला दोन पांढऱ्या वाइनचा हाच हिशेब: शार्डोने किती आणि सेमिलॉन-सॉव्हिन्यॉ ब्लाँ या दोन द्राक्षांच्या मिश्रणाची, म्हणजे एसएसबी, किती? कॅबर्ने या लाल वाइनमुळे या भागाचं नाव झालं हे खरं, पण ती मटणाची सोबतीण. इथे विषय माशांचा आहे.

शार्डोनेवर अन्याय नको. इथल्या बऱ्याच मळ्यांत शार्डोने द्राक्षाचा गिनगिन नावाचा वाण आहे. त्याच्या एकाच घडात टपोरे आणि अगदी बारके मणी शेजारी शेजारी धरतात; मळेवाले त्यांना ‘कोंबडी आणि पिल्लं’ म्हणतात. बारक्या मण्यांत रस कमी आणि साल जास्त, म्हणून चव दाट उतरते. त्यात ओक लाकडाच्या पिंपाचा, भाजल्या काजूसारखा स्वाद. मॅरन हा इथल्या गोड्या पाण्यातला, शेवंडीच्या तोंडवळ्याचा जीव. तो उभा चिरून, वर लोणी सोडून निखाऱ्यावर भाजलेला असेल, तर त्याच्याबरोबर दुसरी वाइन मला सुचत नाही.

पण मॅरन आपण वर्षातून कितीदा खातो?

आमच्याकडे शनिवारी येतो किंग जॉर्ज व्हायटिंग. आपल्या मुडदुशीच्याच कुळातला, तसाच नाजूक मासा. हळद, तिखट, आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर. इथे शार्डोने जराशी अडखळते. तिखट आणि ओक एकत्र आले की घशाशी कडवटपणा राहतो, निदान माझ्या तरी. एसएसबी मात्र लिंबाची फोड पिळावी तशी काम करते. कालवं, भाजलेला ऑक्टोपस, कोथिंबीर घातलेलं काहीही तिला चालतं. (बाटलीवर एसबीएस असेल तर सॉव्हिन्यॉ जास्त. मला सेमिलॉन जास्त असलेली आवडते. कोवळ्या गवताचा वास असतोच, पण अंगानेही ती जरा भरलेली वाटते.)

तरीही तिखटाने माझा निर्णय झाला नाही. तिखट कमी करता येतं. मला छळलं ते शार्डोनेच्या तापमानाने. फ्रिजमधून थेट काढली तर ती मुकी असते, नुसतं गार आंबटसर पाणी. एवढे पैसे मोजलेत, म्हणून ती बोलती होईपर्यंत थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं तरी जातात आणि तोवर रव्याचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. जानेवारीत पर्थच्या अंगणात पारा अडतीसवर असताना तर गंमतच. आत्ता फार गार म्हणून पेला टेबलावर ठेवावा, बायकोला पोळी वाढून परत यावं, तर वाइन कोमट आणि नुसती दारूच लागते. मधली नेमकी वेळ मला एकदाही साधलेली नाही. बर्फाची बादली हा उपाय आहे, पण घरच्या जेवणाला बादली मांडायचा उत्साह माझ्यात नाही.

एसएसबी फ्रिजमधून काढावी, झाकण पिळावं, ओतावी. गार असतानाही तिची चव कळते आणि शेवटचा घोट थोडा तापला तरी तक्रार नसते. शिवाय चांगल्या शार्डोनेच्या एका बाटलीच्या पैशांत बहुधा हिच्या दोन येतात. फक्त साठवून ठेवायचा मोह नको. माझ्या एका बाटलीचा ताजेपणा तीन वर्षांत मावळला होता. शार्डोने तेवढ्यात नुकती रंगात येते.

तुमच्या घरी फोडणी कमी आणि भाजलेली कोंबडी, अळंबी, क्रीम जास्त असेल, तर माझं गणित उलटंही फिरवता येईल. आमच्या पेटीत सध्या नऊ एसएसबी आणि तीन शार्डोने असतात. त्या तीन जुलैसाठी. तेव्हा इथे हिवाळा असतो, स्वयंपाकघरच इतकं गार की बाटली ओट्यावर ठेवली तरी चालते.