कॉर्निश-विंडसरचा छपराचा पूल: खालची तुळई बघून या

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातलं कॉर्निश आणि व्हरमाँट राज्यातलं विंडसर यांना जोडणारा कनेक्टिकट नदीवरचा हा लाकडी पूल 1866 सालचा. याच जागेवरचा हा चौथा. लांबी सुमारे 450 फूट, दोन गाळे, मध्ये एकच दगडी खांब. बेला फ्लेचर आणि जेम्स टास्कर यांनी तो 9,000 डॉलरमध्ये उभा केला. प्रवेशावरची पाटी मूळ धाटणीची: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दुडक्या चालीच्या एकसारख्या ठेक्यानं पूल हलतो, म्हणून ही ताकीद.

छप्पर प्रवाशांसाठी नाही, ट्रससाठी, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या बाजूच्या लाकडी सांगाड्यासाठी आहे. उघड्या लाकडाच्या सांध्यांत पाणी मुरलं की दहा-पंधरा वर्षांत कूज धरते; छपराचे आणि बाजूचे तक्ते मात्र सहज बदलता येतात. बर्फाची अडचण तर उलटीच होती: छपरामुळे तो आत पडत नसे. घसरगाड्या चालाव्यात म्हणून पूर्वी अशा पुलांच्या आत हिवाळ्यात मुद्दाम बर्फ पसरत.

ट्रस इथिएल टाउन या अमेरिकी वास्तुविशारदाच्या पेटंटवर बेतलेला, तिरक्या लाकडांच्या जाळीचा. एरवी त्यात पातळ फळ्या वापरतात; इथं चौकोनी जाड लाकडं खाचा पाडून एकमेकांत बसवली आहेत. एवढ्या जाळीतही दुखणं एकाच ठिकाणी येतं, खालच्या तुळईत. भार आला की ती ताणली जाते. दोनशे फुटी गाळ्याला अखंड लाकूड मिळत नाही, म्हणून जोड द्यावे लागतात. जोड सरकू लागले की पूल मधोमध झोळ धरतो. या पुलाचं तेच झालं.

1987 ते 1989 या काळात पूल बंद ठेवून मोठी दुरुस्ती केली. खालच्या तुळईला पातळ थर चिकटवून बनवलेलं ग्लुलॅम लाकूड बसवलं. ते लांबलचक तुकड्यांत मिळतं, त्यामुळे जोड कमी होतात. जुनं लाकूड गेलं याची हळहळ रास्त आहे, पण आज या पुलावरून गाड्या दुतर्फा जातात, त्या या निर्णयामुळेच. वापर थांबला की लक्ष उडतं, आणि मग छपराची एक गळतीही पुलाला पुरते. आमचे पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या जुन्या लाकडापायी कापला.

न्यू हॅम्पशरच्या बाजूनं, राज्य मार्ग 12ए वरून या; मागे अ‍ॅस्कटनी डोंगर दिसतो. टोल 1943 पासून नाही. टॉर्च आणा. टोकाशी, जिथं तुळई दगडी भिंतीवर टेकते, तिथं पाचोळा-माती साचली आहे का ते पाहा. कुठल्याही छपराच्या पुलाला ओल आधी तिथंच धरते. मग कॉर्निशमधलाच टास्करचा छोटा ब्लो-मी-डाऊन पूल बघा. त्याचा ट्रस उभ्या खांबांचा आणि तिरक्या टेकूंचा आहे. लहान गाळ्याला जाळी लागत नाही, हे तिथं समजतं.