परराज्यातली क्राफ्ट बिअर: तिथेच चाखायची की घरी आणायची?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गेलात आणि न्यू ग्लॅरस या ब्रुअरीची (बिअर बनवणाऱ्या कारखान्याची) 'स्पॉटेड काऊ' बिअर आवडली, तर परतल्यावर ती आपल्या राज्यातल्या दुकानात शोधू नका. ही ब्रुअरी विस्कॉन्सिनबाहेर बिअर विकतच नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, तेव्हा दारूचे नियम ज्या त्या राज्याच्या हाती गेले. शेजारच्या राज्यात शिरायचं तरी नवे परवाने आणि बहुतेकदा नवा वितरक लागतो. क्राफ्ट बिअर बनवणाऱ्या लहान ब्रुअऱ्यांना ते अनेकदा परवडत नाही. त्यामुळे आवडलेली बिअर तिथेच मनसोक्त प्यायची की कॅन बांधून आणायचे, हे प्रवासातच ठरवावं लागतं.

मी ते बिअरच्या जातीवरून ठरवते. आयपीए म्हणजे हॉप्सचा भर असलेली बिअर असेल, त्यातही गढूळ न्यू इंग्लंड पद्धतीची, तर ती टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्याच बारमध्ये, प्यावी. हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) सुगंधाचं ऑक्सिजनशी आणि उष्णतेशी वाकडं आहे. एकदा उन्हाळ्यात अशा बिअरचे चार कॅन दोन दिवस माझ्या गाडीच्या डिकीत राहिले. नळावरून प्यायले तेव्हा तिला संत्र्याचा दरवळ होता. घरी उघडली तर ओल्या पुठ्ठ्याची चव. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या 'प्लिनी द एल्डर' या आयपीएच्या बाटलीवर तर ती साठवू नका, ताजी प्या, असं बजावलेलंच असतं.

इंपीरियल स्टाउट आणि बार्लीवाइन या कडक बिअर मात्र मी घरी आणते. अल्कोहोल बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरपूर. अंधाऱ्या, थंड जागी त्या वर्षभरही छान राहतात. शिवाय टॅपरूममध्ये त्यांची पाळी शेवटी येते, आणि तोवर जीभ थकलेली असते.

चाखण्यासाठी 'फ्लाइट' हा उत्तम मार्ग: साधारण दीडशे मिलिलिटरचे चार ग्लास, हलक्यापासून कडक बिअरपर्यंत. पण ग्लास छोटे दिसतात म्हणून गाफील राहू नका. चारही बिअर आठ टक्क्यांच्या असतील, तर अमेरिकेत मद्य मोजायच्या 'ड्रिंक' या प्रमाणित मापाने अडीचहून अधिक 'ड्रिंक' पोटात जातात. गाडी चालवणाऱ्याने फ्लाइट घेऊच नये, त्याच्यासाठी घरी न्यायला कॅन घ्यावेत. माझं याबाबत दुमत नाही.

आणायचंच ठरलं, तर ग्राउलरपेक्षा (नळावरून भरून देतात त्या मोठ्या बाटलीपेक्षा) कॅन घ्या. जवळपास दोन लिटरचा ग्राउलर एकदा उघडला की एक-दोन दिवसांत संपवावा लागतो. नळावरचीच बिअर हवी असेल, तर समोर भरून सील केलेला क्राउलर, म्हणजे मोठा कॅन, बरा. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतल्या बाटल्या मी टाळते. उजेडाने हॉप्समधले कडू घटक फुटतात आणि बिअरला उग्र दर्प येतो. कॅनच्या बुडावरची तारीख बघायला विसरू नका.

विमानात चेक-इन सामानात २४ टक्क्यांपर्यंतच्या दारूला प्रमाणाची मर्यादा नाही. बिअर त्यात सहज बसते. अमेरिकेची सरकारी टपालसेवा मात्र बिअर स्वीकारत नाही. काही राज्यांत बाहेरून किती आणता येईल यावर बंधन आहे, तेवढं आधी बघून घ्या. बाटल्या जाड मोज्यांत घालून बॅगेच्या मधोमध ठेवा. तळाशी यीस्टचा गाळ असेल, तर घरी आल्यावर एक-दोन दिवस बाटली फ्रिजमध्ये उभी राहू द्या, मगच उघडा.