व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: एसी सर्विसिंगच्या धंद्यात आठ महिने वापरल्यावर

नाशिकला सिडकोत माझं एसी रिपेअरिंगचं काम आहे, मी आणि हाताखाली एक पोरगा. ऑक्टोबरमध्ये साधं व्हॉट्सअ‍ॅप काढून बिझनेसवालं टाकलं, नंबर तोच ठेवला, जुने चॅट पण आले. त्याआधी एका एजन्सीला तीन महिने पैसे दिले होते, ते रोज पोस्ट टाकायचे, दिवाळीच्या शुभेच्छा वगैरे, त्यातून एक पण काम आलं नाही. पैसे गेले त्याचं अजून वाईट वाटतं.

खरं काम केलं लेबलनी. सर्विसिंग झाली की तिथंच गाडीवर बसायच्या आधी त्या चॅटला महिन्याचं लेबल लावतो, 'ऑक्टोबर सर्विस', 'गॅस भरला', 'पेमेंट बाकी'. मग फेब्रुवारीत जुन्या गिऱ्हाइकांना रोज वीस-पंचवीस मेसेज, जास्त नाही, कारण सगळ्यांचे फोन एकदम आले तर उचलणार कोण. एक काकू म्हणाल्या, अरे बरं झालं मेसेज केलास, नाहीतर मला एप्रिलमध्ये घाम फुटल्यावरच आठवलं असतं. तेच तर पाहिजे होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये वेट सर्विस (एसी पाण्याने धुऊन साफ करायचं काम) उरकल्या आणि एप्रिल-मेच्या उन्हात ब्रेकडाऊनच्या कॉलला हात मोकळे राहिले. आधी दर वर्षी त्या दोन महिन्यात लोकांना नाही म्हणायला लागायचं आणि माणूस दुसरीकडे गेला की परत येत नाही.

ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना पाठवायचं, मात्र नीट समजून घ्या. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. मला हे महिनाभर कळलंच नाही, वाटायचं लोक उत्तर देत नाहीत. आता काम झालं की समोरच म्हणतो, दादा नंबर सेव्ह करा, गळती-बिळती झाली तर लगेच सापडेल.

माझं रूटीन एवढंच आहे: रविवारी संध्याकाळी अर्धा तास लेबल बघायची आणि कोणाला मेसेज करायचा ते ठरवायचं, मंगळवारी एक स्टेटस. स्टेटसला ऑफर टाकत नाही, कामाचं सांगतो, फिल्टर पंधरा दिवसांनी घरीच नळाखाली धुवा, किंवा इनडोअरमधून पाणी टपकतंय तर बहुतेक ड्रेन पाइप चोकअप असतो. लोकांना वाटतं असं फुकट सांगितलं तर काम जाईल, माझं उलट झालं, फिल्टर धुताना आतली कॉइल किती मळलीय ते दिसतं आणि फोन येतो.

क्विक रिप्लाय पण मस्त आहे, '/' दाबलं की रेटचा लिहून ठेवलेला मेसेज येतो, शिडीवर असताना टाइप करत बसायला लागत नाही. गूगल रिव्ह्यूची लिंक पण तशीच ठेवलीय, पेमेंट आलं की दहा मिनिटात पाठवायची, दुसऱ्या दिवशी पाठवली तर कोणी लिहीत नाही. कॅटलॉग, म्हणजे अ‍ॅपमधली आपल्या कामांची यादी, मी भरला पण कोणी बघत नाही, सगळे विचारतातच.

एक त्रास आहे, रात्री अकराला पण मेसेज येतात. अवे मेसेज लावलाय, सकाळी नऊला फोन करतो असा, आणि नऊला फोन करतोच.

आता पावसाळ्यात कॉल कमी आहेत, तर मागच्या दोन वर्षांची बिलबुकं काढून जुने नंबर सेव्ह करतोय, रोज दहा.