किंग्स्टन की सर्बिटन?
लंडनच्या नैर्ऋत्येची ही दोन उपनगरे एकमेकांना खेटून असली, तरी त्यांचा जन्म वेगळ्या काळातला आहे. थेम्सकाठचे किंग्स्टन मुळात घाटाचे आणि बाजाराचे गाव, इ.स. 925 मध्ये सॅक्सन राजा अ‍ॅथेलस्टनचा राज्याभिषेक येथेच झाला आणि 1729 मध्ये पटनीचा पूल होईपर्यंत लंडन ब्रिजनंतर नदीच्या वरच्या अंगाला पहिला पूल किंग्स्टनचाच होता. सर्बिटन मात्र रेल्वेचे अपत्य आहे. 1838 मध्ये लोहमार्ग किंग्स्टनला वगळून दक्षिणेकडून गेला, स्थानकाभोवती नवी वस्ती उभी राहिली, आणि जुन्या गावाला स्वतःचे स्थानक मिळायला 1863 उजाडले. पाहण्यासाठी किंग्स्टनच सरस; रोज लंडन गाठणाऱ्याने मात्र सर्बिटनच निवडावे.