शेंगेन व्हिसा: स्वतः भरावा की एजंटकडून?

लातूरच्या मावसभावाला आई-दादांना घेऊन पॅरिस, रोम करायचंय. त्यासाठी लागतो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच परवान्यावर फिरू देणारा व्हिसा. अर्ज स्वतः भरावा की एजंटला द्यावा, यावर त्याचं अडलंय.

खर्चाचं आधी. सरकारी फी दोन्हीकडे तीच: मोठ्या माणसाला 90 युरो, व्हिसा नाकारला तरी परत नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. एजंटचे पैसे त्यावर.

धावपळ मात्र एजंट वाचवू शकत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याच्या केंद्रात स्वतःच जावं लागतं. रात्रीची गाडी चुकत नाही. ठसे पुढे 59 महिने चालतात.

खरा कस कागदांचा. दादांचं उत्पन्न शेतीचं. खात्यात सोयाबीनचे पैसे एकदम जमा झालेले दिसले की अधिकाऱ्याला शंका येणारच. तिथं आडत्याची पट्टी (माल विकल्याची पावती), सातबारा, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर आणि पैसा कुठून आला हे सांगणारं साधं पत्र जोडा. हे घरच्या माणसाइतकं नीट कुणी मांडत नाही. एका एजंटनं माझ्या काकांना ‘व्यावसायिक’ लिहून टाकलं होतं. सही करण्याआधी दिसलं म्हणून वाचलो. चुकीची जबाबदारी सही करणाऱ्याचीच.

किमान 30,000 युरोपर्यंतचा दवाखान्याचा खर्च भरून देणारा प्रवास विमा दोन्हीकडे लागतोच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, कधी 45.

इंग्रजी फॉर्म वाचता येत असेल, तर स्वतःच भरा. घरात तसं कुणी नसेल किंवा आठ-दहा जणांचा गोतावळा निघाला असेल, तर एजंट घ्या, पण प्रत्येक पान वाचून घेऊनच सही करा.