जेकोबीबाई की लिबीबाई?

वाचनासाठी ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’ आणि ‘डिअर मी, द स्काय इज फॉलिंग’ या दोन नाटकांतलं कोणतं घेऊ, असं एकीनं विचारलं. लेखक एकच, लिओनार्ड स्पिगेलगास. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर दोन्हींत ज्यू आई झाली अभिनेत्री गर्ट्रूड बर्ग.

‘अ मेजॉरिटी ऑफ वन’मध्ये (१९५९) ब्रुकलिनची विधवा जेकोबीबाई जपानला निघालेल्या बोटीवर आसानो या जपानी उद्योगपतीत गुंतते. तिचा मुलगा जपानविरुद्धच्या युद्धात मारला गेलेला, म्हणून हशाखाली कळ आहे. नाकं मुरडतात ते लेक-जावईच! आसानो मात्र तेव्हा गोऱ्या नटानं केला. आज ते चालणार नाही.

‘डिअर मी, द स्काय इज फॉलिंग’ची (१९६३) लिबी सगळ्यांचे संसार स्वतःच चालवते. विनोद जास्त, प्रणय नाममात्र. पहिलं ५५६ प्रयोग चाललं, दुसरं १४५.

उतारवयातलं प्रेम हवं तर पहिलं. निव्वळ आईची दादागिरी हवी तर दुसरं.