डिस्क ब्रेक कोकलतोय: सफाई करावी, पॅड बदलावेत की डिस्क?

गॅरेजवाल्याला ‘ब्रेक वाजतोय’ एवढं सांगितलं की तो पॅड बदलून देतो. पॅड बदलले की आवाज निदान काही दिवस थांबतो, त्यामुळे आपणही खूश. माझ्या मोटरसायकलला असेच नवे पॅड बसवले आणि आठव्या दिवशी चोपडा रस्त्यावर ती पुन्हा किंचाळायला लागली. ‘गाडी वरडी ऱ्हायनी, भो,’ हे मागे बसलेल्या मेहुण्यानं ऐकवलं ते वेगळंच.

मग दुसऱ्या मिस्त्रीनं पुढचा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग, उतरवून गोणपाटावर ठेवला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक बोटानं निघाली, दुसरी पक्कड लावून ओढावी लागली. तिच्यावर जुनं ग्रीस आणि काळी माती यांची वाळलेली पुटं होती. पिन जाम, म्हणून कॅलिपर सरळ सरकत नव्हता आणि पॅड डिस्कला तिरका टेकत होता. पिना पुसल्या, ग्रीस भरलं, आवाज गेला. आधी काढून टाकलेले पॅड मी घरी आणले होते. त्यांचं मटेरियल निम्म्याहून जास्त शिल्लक होतं.

आवाज नेमका कसला? फळ्यावर खडू उभा धरून ओढला की तो किंचाळतो, जरा आडवा केला की गप्प. इथेही तेच. पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, हे सेकंदाला हजारो वेळा, आणि अख्खी डिस्क घंटेसारखी वाजते. म्हणून पॅड गुळगुळीत होऊन चकाकणं, मध्ये धूळ अडकणं, पिन कोरडी पडणं, पॅडमागची पातळ पत्री किंवा स्प्रिंग हरवणं, यातलं काहीही पुरतं. पत्री तर पॅड बदलताना पुष्कळदा जुन्या पॅडबरोबर भंगारात जाते.

आपल्याकडे पहिला संशय मातीवरच घ्यावा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाक्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, आणि ते डिस्क ब्रेकवरच चालतं, तेव्हा पुढची डिस्क आता केळीच्या बागेत जाणाऱ्या गाडीलाही असते. उन्हाळ्यात शिवाराच्या रस्त्याचा धुरळा, पावसाळ्यात चाकाला धरून बसणारा गारा, आणि वर वॉशिंगवाल्याचा प्रेशर पंप थेट कॅलिपरवर. पिनांच्या रबरी टोप्या फाटलेल्या असतील तर ग्रीस किती टिकणार?

तर सफाई की नवे पॅड? आवाज सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांपुरताच असेल तर काहीच करू नका. रात्रीच्या दवानं डिस्कवर धरलेला गंज तो, घासून जातो. हळू वेगात, हलका ब्रेक दाबल्यावर चींऽऽ होत असेल आणि पॅडवर दोन मिलिमीटरहून जास्त मटेरियल असेल, तर आधी सफाई. कॅलिपर खोलून पिना आणि पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनचा बाहेर दिसणारा भाग साफ करायचा, चकाकी आलेला पॅड सपाट फरशीवर 120 नंबरच्या पॉलिश पेपरवर हलका घासायचा. ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचंच. बेअरिंगच्या साध्या ग्रीसनं आतलं रबर फुगतं. पेट्रोलनं धुण्याची गॅरेजची सवयही मला पटत नाही, त्याचाही रबराला त्रासच. ब्रेक क्लीनर आणा.

पॅड दोन मिलिमीटरच्या खाली आला, किंवा त्यात तेल मुरलं, की सफाईचा हट्ट सोडा. चेन स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर उडालेला तुषार याला पुरतो. तेलकट पॅड गॅसवर भाजून ‘कोरडा’ करणारे आहेत. पॅड बांधून ठेवणारं रेझिन त्यात जळतं. ‘खर्र’ असा घासल्याचा आवाज आला तर मात्र पॅड संपलाय आणि त्याच्या पाठीचा पत्रा डिस्कला लागतोय, गाडी तिथेच थांबवा.

बदलायचेच तर कोणते, यावर दुकानात खरी गल्लत होते. ऑरगॅनिक, म्हणजे तंतू आणि रेझिनचे पॅड मऊ, आवाज कमी, डिस्क कमी खातात, स्वस्तही पडतात. पण लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सुटते. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी दाबून तापवून केलेले. पावसात आणि उतारावर ते जास्त भरवशाचे, टिकतातही जास्त, पण आवाज थोडा करणारच आणि डिस्कही लवकर झिजवतात. जळगाव-भुसावळ रोजचं जाणं-येणं असेल तर माझं मत ऑरगॅनिकला. आठवड्यातून दोनदा डबल सीट कन्नड घाट उतरणाऱ्यानं, किंवा तोरणमाळकडे जाणाऱ्यानं सिंटर्ड घ्यावेत, पण गाडीच्या कंपनीनं तुमच्या डिस्कला ते चालतात असं सांगितलं असेल तरच. कुठलेही घ्या, घाटात गिअर खाली टाकून इंजिनवर उतरा. लोकल पॅडबद्दल एवढंच, की पाकिटावर ना कंपनी ना गाडीचं मॉडेल असेल तर पाकीट परत द्या.

डिस्क बदलायची वेळ क्वचित येते. तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियरनं मोजा. त्याखाली गेली असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटाखाली धडधडत असेल, तरच खर्च करा.

आणि नवे पॅड बसले की गॅरेजच्या दारातून निघण्याआधी लिव्हर चार-पाच वेळा पंप करून कडक झालाय का बघा. पॅड बसवताना पिस्टन आत ढकललेला असतो, पहिला ब्रेक हवेतच जातो. पुढे मोकळ्या रस्त्यावर 40 च्या वेगावरून 10 पर्यंत हळूच आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मध्ये गार होऊ द्यायची, असं वीस-पंचवीसदा. माझ्या मेहुण्याला याचा फार कंटाळा येतो, पण त्याची गाडी अजून वाजतेय.